‘मिलिंदला चल’ म्हणण्यामागचा इतिहास

१९६६ साली मी मॅट्रिक झालो. आमच्या बौद्धवाड्यात (गाव त्याला महारवाडाच म्हणे) कॉलेज पाहिलेला एकही माणूस नव्हता. कॉलेजचे माहितीपत्रक बीड जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात कुठून पोचणार? पोचला तो शेजारच्या गावचा एक दादा. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात तो बी. ए.ला होता. उन्हाळ्याच्या सुटीत आला आणि रात्री उशिरापर्यंत माझ्या आईबापांशी बोलत बसला. इमारत, निकाल, अभ्यासक्रम यांविषयी तो एक अक्षर बोलला नाही. आईने विचारले, “तिथं कोण हाय आपलं?” तो म्हणाला, “मावशे, तिथं पाणी देताना कुणी जात इचारीत न्हाई. आन् स्कालरशिप यीस्तोवर आमी पोरं याला उपाशी ठिवणार न्हाई.” एवढ्यावर आईने माझी वळकटी बांधली.

आपल्या शिक्षणाचा इतिहास लिहिणारे संस्थांच्या स्थापनेच्या तारखा देतात, प्राचार्यांची नावे देतात. एक विद्यार्थी दुसऱ्याला ‘तू इथे ये’ असे का सांगतो, हे कोणी लिहीत नाही. वस्तुतः खेड्यातला दलित मुलगा कॉलेजच्या पायरीपर्यंत आला तो बहुतेक याच तोंडी निरोपावर.

पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ची. १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद. मराठवाडा तेव्हा निजामी राजवटीतून नुकताच सुटलेला. विद्यापीठ म्हणजे दूर हैदराबादचे उस्मानिया. मिलिंदही प्रथम त्यालाच संलग्न होते. मराठवाडा विद्यापीठ निघाले १९५८ साली. बाबासाहेबांनी कॉलेजला नाव दिले ते प्रश्न विचारणाऱ्या ग्रीक राजाचे. त्याला उत्तर देणाऱ्या भिक्षूचे नाव नागसेनवन म्हणून परिसराला मिळाले. दारे सर्व जातींच्या मुलांना उघडी होती. ज्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर माझी पिढी शिकली तीही १९४४ मध्ये, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सुरू झालेली. म्हणजे दादाच्या त्या दोन वाक्यांमागे एवढी तयारी होती. दादाला ती ठाऊक नसावी. मलाही नव्हती.

खुद्द बाबासाहेब आपल्या विद्यापीठाविषयी काय सांगतात? १९३० साली कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात त्यांनी लिहिले, त्यात ग्रंथालयाचे वर्णन नाही की पदवीचा बडेजाव नाही. आयुष्यातले उत्तम मित्र म्हणून त्यांनी तिथले काही सहाध्यायी आणि ड्यूई, शॉटवेल, सेलिग्मन, रॉबिन्सन हे आपले प्राध्यापक सांगितले. याच्या शेजारी मुंबईचे सिडनहॅम ठेवून पाहा. १९१८ मध्ये ते तिथे प्राध्यापक झाले. विद्यार्थी त्यांच्या व्याख्यानाला गर्दी करीत. पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. कोलंबियाची पदवी त्या भांड्यापाशी कामास आली नाही. आमच्या दादाने पाण्यापासून सुरुवात केली यात नवल नाही.

मिलिंदमध्ये आम्हांला दुसरेही काही मिळाले. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ नाटक, पुढे म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे यांच्याभोवती जमलेली लिहिती मुले, १९६७ च्या सुमारास निघालेले ‘अस्मिता’. आपले बोलणे छापण्याजोगे असते हे मला तिथे कळले. सुटीत गावी गेलो की मी हे सांगत सुटे. आई हसे आणि शेजारणीला म्हणे, “ह्ये सोड, पोरगं अंगानं भरलंय ते बघ.”

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि आमच्या वस्त्या जळाल्या. प्रत्यक्ष नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेल्या माणसांनी त्यासाठी जीव दिला, घरे गमावली. एका पाटीसाठी एवढे कशाला, असे शहाणे लोक विचारीत. ज्यांच्या पोरांना ‘तुमचे इथे काय काम’ हेच पिढ्यान् पिढ्या ऐकावे लागले, त्यांना ती पाटी निमंत्रणासारखी वाटत होती. माझ्या मते सोळा वर्षांचा तो लढा याही अंगाने वाचला पाहिजे.

आता माझ्या पदरचे. दादाच्या मागोमाग मीही नऊ पोरे नागसेनवनात आणली. त्यांना सगळे खरे सांगितले असे नाही. शिष्यवृत्तीचे पैसे सरकारी कचेरीतून महिनोन् महिने येत नसत. ते मी गाळून टाकी, कारण ऐकून बाप कचरला असता. त्या नवांत एकही मुलगी नव्हती. माझी सख्खी बहीण सातवीत होती, हुशार होती. तिला ‘चल’ म्हणावे हे मला सुचलेच नाही. याचे खापर फोडायला दुसरे कोणी नाही.

तिची नात यंदा एम. ए.ला जाणार आहे. आजोबा, कुठले विद्यापीठ चांगले, असे तिने विचारले. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला गेला, तेव्हापासून या प्रश्नाला मी पूर्वीसारखा चटकन उत्तर देऊ शकत नाही. तिने माझी वाट पाहिली नाही. तीन विद्यापीठांतल्या आपल्या मुलींना स्वतःच फोन लावले. मी बाजूला बसून ऐकत होतो. शिष्यवृत्ती कोणत्या महिन्यात येते, मार्गदर्शक आडनाव कळल्यावर कसे बोलतात, मेसमध्ये टेबलावर तुझ्याबरोबर कोण बसते, एवढेच ती विचारीत होती आणि वहीत टिपून घेत होती.