वर्णमाला उशिरा आली

१ सप्टेंबर १८५९. भाद्रपद नुकताच लागलेला. वेळा मुंबईच्या तेव्हाच्या घड्याळाच्या. परभणीचा सूर्य मुंबईहून सोळा मिनिटं पुढे.

दुपारी ४.०९ : लंडनच्या दक्षिणेला, रेडहिलला, रिचर्ड कॅरिंग्टन सौरडागांचं चित्र काढतोय. डागांवर अचानक दोन ठिपके पेटतात. कुणाला तरी दाखवावं म्हणून तो पळतो, मिनिटभरात परततो, तोवर तेज ओसरू लागलेलं.

४.१४ : संपलं. हॉजसन नावाच्या आणखी एका निरीक्षकानंही ते पाहिलं, पण दोघांच्या हाती लागली नुसती चकाकी. तोच उजेड लोलकातून पसरला असता, तर हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरवरची तांबडी रेषा भडकलेली दिसली असती. ती जागची किती सरकली यावरून वायूचा वेग कळला असता. वातावरणाबाहेरून पाहिलं तर याहून खोलवरचं कळतं. २६पैकी २० इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड १३५.४ नॅनोमीटरवर रेषा उमटवतं. ती दिसली की समजावं, तिथं कोटभर अंश तापलंय. किरखोफनं सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषांचा उलगडा केला तो त्याच वर्षी, पण ऑक्टोबरात.

रात्रभर : सूर्यावरून सुटलेला तापलेल्या वायूचा ढग सेकंदाला दोन हजारांहून जास्त किलोमीटरनं येतोय. मुंबई झोपलेली.

२ सप्टेंबर, सकाळी साडेनऊनंतर : कुलाबा वेधशाळेतली चुंबकसुई बिथरते. एरवी तासाला होणारी नोंद आता पंधरा मिनिटांनी, मग पाच मिनिटांनी. त्या नोंदी ठेवणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं.

अकरा वाजून गेल्यावर : चुंबकक्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली. या आकड्याच्या अर्थावर तज्ज्ञ अजून भांडतात. १९८९च्या चुंबकीय वादळाचा जागतिक निर्देशांक उणे ५८९ नॅनोटेस्ला होता, तेवढ्यानं क्वेबेकमधले साठ लाख लोक अंधारात गेले.

संध्याकाळ : अमेरिकेत सकाळ. बोस्टन–पोर्टलंड तार बॅटरी काढूनही चालतेय.

आता पुण्याच्या आयुका संस्थेत घडलेली ‘सूट’ दुर्बीण आदित्य-एल१ यानावरून मॅग्नेशियमच्या २८० नॅनोमीटरजवळच्या रेषा टिपते. २२ फेब्रुवारी २०२४चा मोठा भडका तिनं पाहिला. पण येणाऱ्या ढगाचं चुंबकक्षेत्र उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे, ज्यावर वादळाचा जोर ठरतो, हे यानावरचा मापक सांगणार तो ढग अंगावर आल्यावरच. तिथून पृथ्वी पंधरा लाख किलोमीटर. १८५९च्या वेगानं परभणीच्या वीज उपकेंद्राला निरोप द्यायला उरतात दहा-अकरा मिनिटं.