शिष्य करायला आले, विद्यार्थी मिळाले

आपल्या शालेय पुस्तकात मिशनऱ्यांच्या वाट्याला दोनच ओळी असत, त्याही एका गुणाच्या. म्हणून हे थोडे अधिक.

फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन पाद्री मुंबईत उतरले. सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करण्याची येशूची आज्ञा मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी आहे, ती पाळायला. कंपनी सरकारने त्यांना परत जाण्याचा हुकूम दिला. अर्जविनंत्या करून ते टिकले, आणि त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली.

हॉल मराठी शिकले आणि रस्त्यांवर, देवळांपाशी उपदेश करू लागले. लोक ऐकत, वाद घालत, आपल्या वाटेने जात. शिष्य मिळेनात, पण १८१५ पासून काढलेल्या शाळांत मुले येऊ लागली. शिकवायला पुष्कळदा हिंदू पंतोजीच असत! १८२६ मध्ये नाशिककडील दौऱ्यात पटकीने हॉल गेले, वय अवघे ४१.

पुढच्याच वर्षी सिंथिया फरार आल्या. अविवाहित बाई, एवढ्या दूर, शिकवायला. १८३९ पासून त्या अहमदनगरला होत्या. त्यांची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात आपली काढली. फरारबाईंचा हेतू धर्मप्रसाराचाही होता, ते झाकायचे कारण नाही. जोतीराव मात्र ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी शाळा तेवढी घेतली.

फरारबाई मायदेशी कायमच्या परतल्या नाहीत. १८६२ मध्ये नगरलाच वारल्या.