पुलाऊ उबिन : फुलपाखरांच्या टेकडीवर एक दिवस

सिंगापूरला जाऊन आलेल्या मराठी पर्यटकाला तेथे काय पाहिले असे विचारले, तर उत्तर बहुधा ठरलेले असते. सेंटोसा, रात्रीची सफारी, पक्षी उद्यान, लिटल इंडिया आणि मुस्तफामधील खरेदी. सहलीच्या आखीव कार्यक्रमात याहून अधिकाला वाव नसतो. परंतु याच शहरराष्ट्राच्या ईशान्य टोकाला, मलेशियाच्या जोहोर प्रांताच्या अलीकडे, सुमारे १० चौरस किलोमीटरचे एक बेट आहे. तेथे आजही पत्र्याच्या छपरांची घरे आहेत, विहिरीचे पाणी आहे आणि मुख्य भूमीवरील वीजवाहिनी तेथवर पोहोचलेली नाही. पुलाऊ उबिन हे त्या बेटाचे नाव. निसर्गाची आणि विशेषतः फुलपाखरांची आवड असणाऱ्याने सिंगापूरमधील एक दिवस राखून ठेवावा तो या बेटासाठी.

मलाय भाषेत पुलाऊ म्हणजे बेट. उबिन हा शब्द ‘बातू जुबिन’ म्हणजे ग्रॅनाइटचा दगड या नावाचा अपभ्रंश मानला जातो आणि बेटाचा इतिहास पाहता ते सार्थही वाटते. एकोणिसाव्या शतकापासून येथे दगडाच्या खाणी चालल्या. १८५१ मध्ये पूर्ण झालेले पेद्रा ब्रांका बेटावरील हॉर्सबर्ग दीपगृह याच दगडाचे आहे. सिंगापूर आणि जोहोर यांना जोडणारा, १९२४ मध्ये खुला झालेला सेतुमार्ग बांधतानाही उबिनचा दगड वापरला गेला. शेवटची खाण १९९९ मध्ये बंद झाली. खोल खड्ड्यांत पाणी साचून तळी झाली, कातळांच्या कडांवर झाडे उगवली आणि पेकान खाणीतील पाण्यामधल्या छोट्या उंचवट्यांवर राखी बगळ्यांनी घरटी बांधली. उद्योग उठून गेल्यावर निसर्ग किती त्वरेने परततो हे पाहण्यास यासारखी जागा नाही. मात्र खाणींचे काठ कुंपणाबाहेरूनच पाहावेत. पाणी फार खोल आहे.

बेटाच्या जन्माविषयी लोककथाही आहे. एक बेडूक, एक डुक्कर आणि एक हत्ती यांनी पोहत जोहोरचा किनारा गाठण्याची पैज लावली. जो पोहोचणार नाही त्याचा दगड होईल अशी अट होती. तिघेही हरले. डुक्कर आणि हत्ती यांचे उबिन झाले, तर बेडकाचे जवळच पुलाऊ सेकुदू नावाचे लहानसे खडकाळ बेट झाले.

बेटावर जाण्याचा प्रवासच निम्मा आनंद देतो. चांगी पॉइंटच्या धक्क्यावरून लाकडी बमबोटी सुटतात. त्यांना वेळापत्रक नसते. बारा उतारू जमले की नाव निघते. घाई असेल तर बाराही जणांचे भाडे एकट्याने भरावे. घड्याळाच्या काट्यावर चालणाऱ्या सिंगापूरमध्ये हे बाराव्या माणसाची वाट पाहणे आपल्याला एकदम ओळखीचे वाटते. गावाकडच्या वडाप जीपचा न्याय तोच की! दहा-पंधरा मिनिटांत नाव उबिनच्या धक्क्याला लागते. धक्क्यालगत एकच छोटी वस्ती आहे : सायकली भाड्याने देणारी दुकाने, दोन-चार खाणावळी, तुआ पेक काँगचे चिनी मंदिर आणि त्यासमोर नाटकांसाठी बांधलेला रंगमंच.

या वस्तीपासून थोडे चालले की पेकान खाणीच्या बाजूला बटरफ्लाय हिल लागते. टेकडी हा शब्द थोडा मोठाच आहे. खरे तर तो एक बुटका उंचवटा. परंतु येथे शंभराहून अधिक जातींच्या फुलपाखरांची नोंद झालेली आहे आणि हा योगायोग नव्हे. सिंगापूरचे राष्ट्रीय उद्यान मंडळ आणि फुलपाखरांचे हौशी अभ्यासक यांनी झाडे निवडून, लावून, जोपासून ही जागा घडवलेली आहे.

फुलपाखरांसाठी बाग करायची म्हणजे रंगीत फुले लावायची, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. फुलातील मध हे प्रौढ फुलपाखराचे अन्न. त्याच्या अळीला मात्र विशिष्ट झाडाचीच पाने लागतात आणि ती झाडे नसतील तर मादी अंडी घालण्यास थांबत नाही. फुले पुष्कळ आणि पानांचे झाड नाही, अशी बाग म्हणजे फुलपाखरांचे उपाहारगृह, घर नव्हे. उबिनच्या टेकडीवर दोन्ही गोष्टींची सोय आहे. घाणेरी आणि तत्सम मधाच्या झुडपांबरोबर येथे रुई आहे, लिंबाच्या कुळातील झाडे आहेत आणि ईश्वरीच्या जातीचे वेल आहेत. मराठी माणसाला यातले निम्मे झाडोरे ओळखता येते, याची मौज वाटते.

रुईवर ‘प्लेन टायगर’, म्हणजे आपला बिबळ्या कडवा, अंडी घालतो. रुईच्या चिकातील विष अळीच्या अंगात साठते आणि पुढे फुलपाखरातही उतरते. पक्ष्याने एकदा चव घेतली की तो पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. म्हणूनच हे फुलपाखरू इतके संथ उडते; त्याला पळण्याची गरज नाही. त्याच्याच भाऊबंदांतील निळसर आणि पट्टेरी फुलपाखरांचे नर सुकलेल्या भुरुंडीवर किंवा खुळखुळ्याच्या झुडपांवर दाटीने बसलेले दिसतात. त्या झाडांतून मिळणारे द्रव्य त्यांना मादीला आकर्षित करणारा गंध तयार करण्यास लागते. बाकी सगळी फुले सोडून वाळक्या काटकीला चिकटलेली वीस-पंचवीस फुलपाखरे पाहून नवखा गोंधळतो. त्याचे उत्तर हे आहे.

आवर्जून शोधावे असे एक फुलपाखरू म्हणजे ‘टॉनी कोस्टर’. विटकरी-नारिंगी रंग, पंखांवर काळे ठिपके, उडणे आळसावलेले. पुण्या-मुंबईच्या कोणत्याही माळावर ते दिसते आणि म्हणूनच आपण त्याकडे लक्ष देत नाही. पण सिंगापूरमध्ये ते २००६ पूर्वी नव्हते. मूळचे भारत आणि श्रीलंकेचे हे फुलपाखरू थायलंड, मलेशिया असे टप्पे घेत दक्षिणेकडे सरकत गेले, सिंगापूरला पोहोचले, तेथून इंडोनेशियाच्या बेटांवर पसरले आणि २०१२ मध्ये थेट ऑस्ट्रेलियात डार्विनच्या परिसरात आढळले. कृष्णकमळाच्या जातीचे रानवेल त्याच्या अळीला चालतात आणि मूळचे अमेरिकेतील हे वेल आता आशियाभर पडीक जमिनींवर माजले आहेत. जंगल तुटून मोकळ्या झालेल्या जमिनींनी या फुलपाखराला वाट करून दिली, असे अभ्यासक मानतात. त्यामुळे त्याचे आगमन ही निखळ आनंदवार्ता म्हणता येत नाही. तरीही परदेशातील एका टेकडीवर, आपल्याआधी व्हिसाविना येऊन स्थायिक झालेला हा देशबांधव भेटला की बरे वाटते हे खरे.

२०१५ हे वर्ष या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे. त्या वर्षी महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा दर्जा दिला आणि त्याच वर्षी सिंगापूरमध्ये जनमत घेऊन ‘कॉमन रोझ’ हे राष्ट्रीय फुलपाखरू ठरले. काळे पंख, मागील पंखांवर पांढरे आणि गुलाबी ठिपके, लालभडक अंग असे त्याचे रूप. ते आपल्याकडेही आढळते आणि दोन्हीकडे त्याची अळी ईश्वरीच्या कुळातील वेलांवर वाढते. सिंगापूरमध्ये रानातील हे वेल विरळ झाल्याने आता ते मुख्यतः लागवडीतल्या वेलांवर विसंबून आहे. पिवळ्या-काळ्या पंखांचे, हातभर अंतरावरून गेले तर दचकायला लावणारे मोठे ‘कॉमन बर्डविंग’ही याच वेलांवर वाढते. आपल्या सह्याद्रीतील सदर्न बर्डविंगचा हा जवळचा नातलग.

येथे एक प्रांजळ सूचना. प्रस्तुत लेखकाने पहिल्या भेटीत दुपारी तीन वाजता टेकडी गाठली, आभाळ भरून आलेले होते आणि तासाभरात मोजून चार फुलपाखरे दिसली. पंख उघडून ऊन घेतल्याशिवाय फुलपाखरू उडण्यास सिद्ध होत नाही. ढगाळ वेळी ते पानाखाली दडून बसते. विषुववृत्ताजवळच्या या देशात दुपारनंतर वीज-पाऊस हे नेहमीचे आहे. दुसऱ्या खेपेस सकाळी साडेनऊला पोहोचल्यावर तीच टेकडी ओळखू आली नाही. नऊ ते साडेबारा ही वेळ साधावी. नोव्हेंबर ते जानेवारी हा मोसमी पावसाचा काळ शक्यतो टाळावा. सावली फुलपाखरावर पडू न देता, हळूहळू, खाली वाकून जवळ जावे. हात लावू नये. पंखांवरील खवले बोटाला लागले की ते परत येत नाहीत.

टेकडी पाहून झाल्यावर सायकलने किंवा पायी बेटाच्या पूर्व टोकाला चेक जावा येथे जावे. अंतर सुमारे ३ किलोमीटर आहे. वाटेत रबराची, नारळाची आणि फणसाच्या भावकीतील झाडांची जुनी लागवड जंगलात विरघळून गेलेली दिसते. रानडुकरे रस्ता ओलांडतात. माकडे प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखतात, तेव्हा खाण्याचे पदार्थ पाठपिशवीत बंद ठेवावेत. डोक्यावरून कर्कश आवाज करीत जाणारे धनेश दिसले तर थांबून पाहावे. सिंगापूरमधून हा पक्षी नाहीसा झाला होता. १९९४ मध्ये तो उबिनवर पुन्हा दिसला. पुढे त्याच्यासाठी कृत्रिम ढोल्या बसवण्यात आल्या आणि आज तो मुख्य भूमीवरील वस्त्यांतही दिसतो.

चेक जावा म्हणजे सुमारे १०० हेक्टरची पाणथळ जागा. वाळूचा किनारा, खडकाळ किनारा, सागरी गवत, प्रवाळांचे तुकडे, खारफुटी आणि किनारी वन असे सहा अधिवास येथे एकमेकांना भिडतात. ही जागा आज आहे, हेच नवल. येथे समुद्रात भराव घालण्याचे ठरले होते आणि काम २००१ च्या अखेरीस सुरू व्हायचे होते. त्याआधी काही महिन्यांत निसर्गप्रेमींनी ओहोटीच्या वेळी येथील जीवसृष्टीची नोंद केली, शेकडो नागरिक ती पाहण्यास आले, वृत्तपत्रांतून पत्रे गेली आणि शासनाने भराव पुढे ढकलला. नागरिकांच्या विनंतीवरून आखलेली योजना मागे ठेवणे ही त्या देशात सहज घडणारी गोष्ट नव्हे. निर्णयाची भाषाही लक्षात घेण्याजोगी आहे : जोवर विकासासाठी बेटाची गरज नाही, तोवर. म्हणजे हे अभय कायमचे नाही. जुलै २००७ मध्ये येथे सुमारे १.१ किलोमीटरचा पादचारी मार्ग आणि २० मीटर उंचीचा जेजावी मनोरा लोकांसाठी खुला झाला. त्याच वर्षाच्या आरंभी जोहोरमधील महापुराचे गोडे पाणी येथवर येऊन किनाऱ्यावरील असंख्य जीव मेले होते. शासनाच्या निर्णयाने वाचवलेली जागा शेजारच्या नदीपासून वाचत नाही, हेही त्या वेळी दिसले.

फुलपाखरांसाठी आलेल्या माणसाने खारफुटीच्या वाटेवर नजर वर ठेवावी. ‘मँग्रोव्ह ट्री निम्फ’ हे पांढुरके, काळ्या रेषांचे मोठे फुलपाखरू सिंगापूरमध्ये उबिन आणि शेजारचे तेकोंग एवढ्याच बेटांवर उरले आहे आणि तेकोंग लष्कराच्या ताब्यात असल्याने सामान्य पर्यटकाला ते दिसले तर येथेच दिसणार. ते उडते म्हणण्यापेक्षा हवेत तरंगते. कागदाचा कपटा वाऱ्यावर सोडावा तसे. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील मलबार ट्री निम्फ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही चाल पटकन ओळखू येईल. भेटीची हमी कोणी देऊ शकत नाही.

पाहुण्यांच्या स्वागतासाठी वापरले जाणारे येथील जुने घर १९३० च्या दशकातील असून ते इंग्लंडमधील ट्यूडर शैलीत बांधलेले आहे. त्यात शेकोटीचीही सोय आहे. विषुववृत्तापासून दीडशे किलोमीटरवर शेकोटी! साहेबाला घराची आठवण किती येत असेल त्याचा अंदाज यावा.

बेटावरच्या माणसांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. खाणी चालू असताना येथे सुमारे दोन हजार लोक राहत होते, शाळा होती. आज काही डझन रहिवासी उरले आहेत, तेही बहुतांश वृद्ध. २०१३ मध्ये घरांविषयी सरकारी पत्रे आली तेव्हा आता उठावे लागणार, अशी धास्ती पसरली होती. पुढल्या वर्षी शासनाने बेटाचे ग्रामीण रूप जपण्यासाठी ‘उबिन प्रकल्प’ जाहीर केला. जंगल राखता येते, फुलपाखरांची झाडे लावता येतात. पण परसातील कोंबड्या, विहिरीवरचा रहाट आणि नारळ सोलून देणाऱ्या आजी यांची लागवड करता येत नाही. ते पाहायचे असेल तर फार वर्षे थांबू नये.

कसे जावे : तानाह मेरा रेल्वे स्थानकावरून २ क्रमांकाची बस चांगी व्हिलेजला जाते, धक्का तेथून चालत पाच मिनिटांवर आहे. नावेचे भाडे माणशी सुमारे ४ सिंगापूर डॉलर असून ते रोख द्यावे लागते. बेटावर प्रवेशशुल्क नाही. दिवसाला पुरेल एवढे पाणी, टोपी, छत्री आणि डास पळवणारे मलम सोबत घ्यावे. शाकाहारी मंडळींनी चांगी व्हिलेजच्या खाद्यकेंद्रात न्याहारी उरकून डबा बरोबर न्यावा, कारण बेटावरील खाणावळींत मुख्यतः मासळीच मिळते. चेक जावाचा किनारा ओहोटीला पाहण्यात मजा असल्याने भरती-ओहोटीचे कोष्टक आधी पाहावे आणि पादचारी मार्गाचा एखादा भाग दुरुस्तीसाठी बंद नाही ना, याचीही उद्यान मंडळाच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी. परतीच्या नावेसाठी अंधार पडण्यापूर्वी धक्क्यावर यावे. संध्याकाळी बारावा उतारू लवकर मिळत नाही.