एका ड्रायव्हरवरील आरोप

संगणकाच्या पेटींतील प्रत्येक यंत्राची बोली निराळी असते. हार्ड डिस्कची एक, पडद्याची दुसरी, नेटवर्क कार्डाची तिसरी. या सर्वांवर जिची सत्ता चालते त्या मूळ आज्ञावलीस कर्नेल म्हणतात. आणि कर्नेल व यंत्र यांच्यामध्यें उभा राहून एकाचें म्हणणें दुसऱ्यास समजावून देणारा जो दुभाष्या, तोच ड्रायव्हर. दुभाष्या चुकला म्हणजे हुकूम आणि अर्ज दोन्ही फुकट जातात.

हेलसिंकी विद्यापीठांतील एकवीस वर्षांच्या लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें २५ ऑगस्ट १९९१ रोजीं आपल्या नव्या कर्नेलची वार्ता प्रसिद्ध केली, तेव्हां आपल्यापाशीं एकाच जातीची हार्ड डिस्क असल्यामुळें दुसऱ्या जातीवर तो बहुधा कधींच चालणार नाहीं, असें त्यानें मोकळेपणीं सांगून टाकलें होतें. ही अडचण दूर झाली ती परक्यांच्या तक्रारींनीं. ज्याच्या घरीं निराळें यंत्र असेल त्यानें तें कां चालत नाहीं हें लिहून कळवावें, जमल्यास दुरुस्तीहि पाठवावी, असा लिनक्सच्या मंडळींत प्रघात पडला. हळूहळू तक्रार लिहिण्याचेंहि एक शास्त्र बनलें. कर्नेलची नेमकी आवृत्ति कोणती, यंत्र कोणत्या बनावटीचें, कर्नेलनें स्वतःच्या नोंदवहींत काय टिपलें, आणि मुख्य म्हणजे पूर्वीं कोणत्या आवृत्तींत सर्व कांहीं ठीक होतें, हें सांगितल्यावांचून तक्रारीस किंमत नसे. ‘चालत नाहीं’ एवढेंच लिहिणें म्हणजे वैद्यासमोर बसून ‘बरें नाहीं’ म्हणण्यासारखेंच.

पूर्वींच्या चांगल्या आवृत्तीचा हा प्रश्न उगीच नाहीं. टोर्व्हाल्ड्स यानेंच २००५ सालीं बदलांची नोंद ठेवणारें गिट नांवाचें साधन निर्माण केलें. त्यांत दुभागणीची सोय आहे. चांगली आवृत्ति व बिघडलेली आवृत्ति यांच्यामधला बदल घेऊन पाहावा. दोष दिसला तर अलीकडील अर्धे तपासावे, न दिसला तर पलीकडील. दहा हजार बदल असले तरी चौदा चाचण्यांत अपराधी बदल हातीं लागतो.

या पद्धतीची खरी कसोटी २००८ च्या सप्टेंबरांत लागली. कर्नेलची २.६.२७ ही आवृत्ति अद्याप पुरी व्हावयाची होती. तिचे कच्चे मसुदे ओपनसुसे, फेडोरा, उबुंटू, मँड्रिव्हा इत्यादिकांच्या चाचणी-आवृत्त्यांतून उत्साही लोक वापरून पाहात होते. त्यांपैकीं कांहींजणांचीं इंटेलचीं नेटवर्क कार्डें एकाएकीं मुकीं झालीं. एरव्हीं ड्रायव्हर बिघडला तर जुना कर्नेल पुन्हा चढवावा कीं यंत्र पूर्ववत् होतें. येथें जुना कर्नेल आणूनहि कार्ड उठेना! वीज गेली तरी न पुसणाऱ्या ज्या स्मृतींत कार्ड आपली ओळख आणि मूळ सूचना जपून ठेवतें, ती स्मृतिच भ्रष्ट झाली होती. शिवाय हीं कार्डें पुष्कळदां संगणकाच्या मुख्य फळीवरच पक्कीं बसविलेलीं असतात. काढून दुसरें लावूं म्हणावें तर तीहि सोय नाहीं.

संशय अर्थातच त्या कार्डाच्या ड्रायव्हरवर गेला. त्याचें नांव ई१०००ई. कांहीं वितरकांनीं त्याला आपल्या आवृत्त्यांतून तात्पुरतें वगळलें. नंतर पडद्याचें चित्र सांभाळणाऱ्या एक्स सर्व्हरकडे बोट दाखविण्यांत आलें. दुभागणी करावी तर दोष प्रत्येक वेळीं प्रकट होत नसे, म्हणजे ‘ठीक आहे’ या उत्तरावर विसंबतां येईना. आणि प्रकट झाला तर त्या चाचणींत एका कार्डाचा बळी जावयाचा. इंटेलच्या लोकांनीं तूर्त ड्रायव्हरमध्येंच त्या स्मृतीस कुलूप घातलें, आणि ९ ऑक्टोबर रोजीं २.६.२७ प्रसिद्ध झाली ती त्या कुलपासह. घाव घालणारा हात मात्र कर्नेलमध्यें तसाच मोकळा होता.

तो सांपडला अगदीं अनपेक्षित जागीं. कर्नेलमधील कोणतें कार्य केव्हां चालतें याची टिपणें ठेवणारें एफट्रेस नांवाचें साधन याच आवृत्तींत नव्यानें आलें होतें. नेटवर्कशीं त्याचा कांहींएक संबंध नव्हता. चाललेल्या कार्यांच्या स्मृतींतील जागा तें टिपून ठेवी, आणि मागाहून तेथें जाऊन एक सूचना बदली. परंतु प्रारंभींचें काम संपलें कीं कर्नेल कांहीं जागा मोकळ्या करतो. बत्तीस-बिटी संगणकांत अशी मोकळी झालेली जागा यंत्राची स्मृति जोडण्यासहि दिली जाऊं शके, आणि तीच जागा नेमकी कार्डाच्या वाट्यास आली. एफट्रेस जुन्या पत्त्यावर पोंचलें. घरांत बिऱ्हाड दुसरेंच!

एफट्रेसचा कर्ता स्टीव्हन रॉस्टेड्ट हा कांहीं बेफिकीर नव्हता. पत्त्यावर अपेक्षित सूचना असेल तरच बदल करावा, अशी तुलना करणारी प्रोसेसरची आज्ञा त्यानें योजिली होती. पण ही आज्ञा तुलना फसली तरीहि जुनें मूल्य परत लिहिते. साध्या स्मृतींत त्यानें कांहीं बिघडत नाहीं. यंत्राच्या स्मृतींत तिचा परिणाम काय होईल याचा नेम नाहीं. सावधगिरीसाठीं ठेवलेला पहारेकरीच कार्डाच्या मुळावर आला. कर्नेल आणि त्याचे सर्व ड्रायव्हर एकाच वाड्यांत, मध्यें भिंती न घालतां नांदतात. त्यामुळें एकाची चूक दुसऱ्याच्या अंगावर उमटते, आणि दुखतें तेथेंच रोग असेल असें मानणारा फसतो.

ऑक्टोबरच्या मध्यास निघालेल्या २.६.२७.१ या दुरुस्त आवृत्तींत एफट्रेसचा तो भाग बंद करण्यांत आला. डिसेंबरांतील २.६.२८ मध्यें तो नव्यानें रचला गेला. टिपणांची यादी कर्नेल बांधतांनाच तयार होऊं लागली. ई१०००ई निर्दोष ठरला. त्याच्यावर घातलेलें कुलूप मात्र काढलें नाहीं. स्मृतीच्या रक्षणाची ती तरतूद त्याच्यांत आजहि आहे.