जिओकॅशिंग म्हणजे काय? मोबाईलनं लपलेला डबा शोधण्याचा खेळ, त्याची साधनं, देवाणघेवाण आणि आपल्या भागात घ्यायची खबरदारी

यवतमाळ : ई-पीक पाहणी करताना शेतकरी वावरात उभा राहून फोटो काढतो. तो फोटो कोणत्या जागेवरून काढला, हे मोबाईलला बरोबर कळतं. घरकुलाच्या पायव्याचा फोटो घेतानाही तेच होतं. हे काम करणाऱ्या जीपीएसवर जगभरात एक खेळसुद्धा चालतो. एक जण डबा लपवतो, त्या जागेचे आकडे जाहीर करतो आणि बाकीचे मोबाईल हातात घेऊन तो डबा शोधायला निघतात. या खेळाचं नाव जिओकॅशिंग.

लपवलेल्या डब्याला ‘कॅश’ म्हणतात. नोटांच्या कॅशशी त्याचा काही संबंध नाही. इंग्रजीत दोन्हींचा उच्चार सारखा असला तरी स्पेलिंग वेगळं आहे. या कॅशचा अर्थ लपवून ठेवलेला साठा.

आपल्याकडे मात्र कुणी अनोळखी माणूस पांदण रस्त्यानं झाडाच्या बुडाशी काही चाचपडताना दिसला, की लोकांच्या मनात दोनच गोष्टी येतात. एक तर गुप्तधन, नाही तर पोरं पळवणारी टोळी. म्हणून हा खेळ काय आहे, हे खेळणाऱ्या पोट्ट्यांनी जितकं समजून घ्यायला हवं तितकंच गावानंही घ्यायला हवं.

सुरुवात कशी झाली?

जीपीएस ही अमेरिकेची यंत्रणा. आधी सामान्य लोकांना मिळणाऱ्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक ठेवली जायची. त्यामुळे जागा 100 मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवली जायची. 2 मे 2000 रोजी अमेरिकी सरकारनं ही मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि एका दिवसात जीपीएस कितीतरी पट अचूक झालं.

दुसऱ्याच दिवशी, 3 मे 2000 ला, डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं ऑरेगॉन राज्यात बीव्हरक्रीक गावाजवळ एक बादली ठेवली. त्यात पुस्तकं, थोडे पैसे, गलोल आणि शेंगांचा एक डबाबंद टिनसुद्धा होता. जागेचे आकडे त्यानं इंटरनेटवर टाकले. नियम सोपा होता : काही घ्या, काही ठेवा. तीन दिवसांच्या आत माईक टीग यांनी ती बादली शोधली. त्याच महिन्यात या खेळाला जिओकॅशिंग हे नाव मिळालं. सप्टेंबर 2000 मध्ये जेरेमी आयरिश यांनी खेळाची वेबसाइट सुरू केली तेव्हा तिच्यावर 75 डबे होते. आज जगभरातल्या डब्यांची संख्या 30 लाखांच्या वर आहे.

जीपीएस यायच्या आधीही असा छंद होता. इंग्लंडमधल्या डार्टमूर या माळरानावर 1854 मध्ये एका वाटाड्यानं दूरच्या दलदलीत बाटली ठेवली. तिथवर चालत येणारे लोक आपलं नाव तिच्यात टाकून जायचे.

आकडे कसे वाचायचे?

प्रत्येक जागेला दोन आकडे असतात, अक्षांश आणि रेखांश. यवतमाळ शहर साधारण 20 अंश 23 मिनिटं उत्तर आणि 78 अंश 7 मिनिटं पूर्व इथे आहे. एका अंशाची 60 मिनिटं होतात, जशी तासाची होतात.

नवीन माणूस हमखास इथेच चुकतो. 20 अंश 23 मिनिटं म्हणजे 20.23 नव्हे. 23 ला 60 नं भागायचं, म्हणजे 20.383 येतं. ज्यानं मॅपमध्ये सरळ 20.23 टाकलं, तो जवळपास 17 किलोमीटर दक्षिणेला जाऊन पोहोचतो. जिओकॅशिंगचे आकडे बहुतेक वेळा अंश आणि मिनिटांत दिलेले असतात, तर मोबाईलचा मॅप दशांशात दाखवतो. दोन्हींचा मेळ घालूनच निघावं.

दशांशानंतर चार अंक असतील तर जागा सुमारे 11 मीटरपर्यंत कळते, पाच अंक असतील तर सुमारे 1 मीटरपर्यंत. पण मोबाईल स्वतःच मोकळ्या आभाळाखाली 5 मीटर इकडेतिकडे दाखवतो. दाट झाडी, दरी किंवा उंच भिंतीजवळ ही चूक वाढते. त्यामुळे शेवटचे काही मीटर डोळ्यांनीच शोधावं लागतं आणि खेळाची खरी गंमत तिथेच आहे.

कोणती साधनं लागतात?

* स्मार्टफोन : साधा फोन पुरतो. जिओकॅशिंगच्या अधिकृत ॲपवर खातं मोफत काढता येतं. काही सोयी मात्र पैसे भरल्यावरच मिळतात. अँड्रॉइडवर सी-जिओ नावाचं मोफत ॲपही आहे.
* ऑफलाइन मॅप : जीपीएस उपग्रहावर चालतं, त्याला मोबाईलची रेंज लागत नाही. मॅपला मात्र इंटरनेट लागतं. झरी जामणी, घाटंजी भागात अनेक ठिकाणी रेंज जाते, म्हणून घरूनच मॅप डाउनलोड करून ठेवावा.
* पेन : डब्यातल्या वहीत किंवा कागदाच्या गुंडाळीवर नाव आणि तारीख लिहायची असते. बहुतेक डब्यांत पेन नसतो.
* काठी, बॅटरी, पाण्याची बाटली, पॉवर बँक : जीपीएस चालू असताना मोबाईलची चार्जिंग लवकर उतरते.

हातात धरायची वेगळी जीपीएस यंत्रंही मिळतात. ती वापरायला हरकत नाही. पण उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र किंवा सॅटेलाइट फोन भारतात सरकारी परवानगीशिवाय वापरता येत नाही. परदेशातून आलेल्या नातेवाइकाकडे असं काही असेल तर आधी सावध करावं.

डब्यात काय असतं?

डब्याच्या आत एक वही असतेच. डबा मोठा असेल तर देवाणघेवाणीच्या छोट्या वस्तूही असतात : गोट्या, किचेन, बिल्ले, खेळण्यातली गाडी, जुनी नाणी, मण्यांची माळ. यात मोलाचं काही नसतं. नियम एवढाच, की जे घेतलं त्याच तोडीचं किंवा त्याहून चांगलं काही ठेवायचं. काही ठेवायला नसेल तर काही न घेता फक्त वहीत सही करायची.

आपल्या गावात हा नियम नवा नाही. शेजारून भाजीची वाटी आली तर ती रिकामी परत जात नाही. इथे फरक एवढाच, की वाटी कुणाकडून आली हे माहीत नसतं. तरीही माणूस ती भरूनच ठेवतो.

काही वस्तूंवर नंबर कोरलेला बिल्ला असतो. त्या ठेवून घ्यायच्या नसतात. एका डब्यातून उचलून दुसऱ्या डब्यात नेऊन ठेवायच्या आणि ॲपवर नंबर टाकून कळवायचं. पुण्यात ठेवलेली वस्तू अशीच हातोहात दुसऱ्या देशात पोहोचू शकते.

डब्यात खाण्याचे पदार्थ कधीच ठेवायचे नाहीत. मुंग्या लागतात, वास आला की माकडं आणि अस्वलं डबा फोडतात. दारू, गुटखा, काडीपेटी, फटाके, चाकू, औषधं यांनाही मनाई आहे.

डब्यांचे प्रकार

सगळ्यात छोटा डबा बोटाच्या पेरापेक्षाही लहान असतो आणि त्यात फक्त कागदाची गुंडाळी मावते. मोठा डबा बादलीएवढा असतो. शोधायला किती अवघड आणि वाट किती अवघड, याला 1 ते 5 असे वेगवेगळे गुण दिलेले असतात. म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना न्यायचं असेल तर दोन्हीकडे 1 गुण असलेला डबा निवडावा.

काही खेळांत पहिल्या जागेवर पुढच्या जागेचे आकडे मिळतात, तर काहींत आधी कोडं सोडवावं लागतं. अर्थकॅश या प्रकारात डबाच नसतो. तिथे जाऊन खडक, झरा, धबधबा पाहायचा आणि प्रश्नांची उत्तरं पाठवायची. आपल्या जिल्ह्यात झरी जामणी तालुक्यात शिबला-पारडी परिसरात 2021 मध्ये रस्त्याच्या कामात बेसॉल्टचे खांब उघडे पडले. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला तडे जातात आणि असे कोनदार खांब तयार होतात. काहीही न उचलता, न खोदता पाहायचा हा प्रकार अशा जागेला शोभणारा आहे.

गुप्तधनाचा संशय आणि अफवा

जिओकॅशिंगमध्ये डबा पुरायचा नाही आणि खोदकाम करायचं नाही, हा जगभरचा नियम आहे. कुदळ-फावडं घेऊन कुणी आलं तर तो हा खेळ खेळत नाही, हे गावानं ओळखावं. जमिनीत दडलेलं 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

अफवेचं मोल किती भयंकर असतं, हे राज्यानं पाहिलं आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणारे समजून जमावानं पाच निरपराध माणसांना ठार केलं. ते भिक्षा मागून जगणारे भटके लोक होते. अनोळखी माणूस दिसला तर त्याला विचारावं, पोलीस पाटलाला किंवा 112 ला फोन करावा. हात उचलू नये आणि व्हॉट्सॲपवर फोटो फिरवू नये.

बेवारस डब्याची भीतीही खोटी नाही. 2011 मध्ये इंग्लंडच्या वेदरबी गावात असा खेळातला डबा बॉम्ब समजून उडवून देण्यात आला होता. म्हणून डबा आरपार दिसणारा असावा आणि त्यावर खेळाचं नाव ठळक लिहिलेलं असावं.

डबा कुठे ठेवू नये?

* टिपेश्वर आणि पैनगंगा अभयारण्यात परवानगीशिवाय जाणंच गुन्हा आहे. अभयारण्याबाहेरही राळेगाव, केळापूर, घाटंजी, झरी जामणी भागात वाघाचा वावर असतो. पहाटे आणि दिवस मावळल्यावर जंगलकाठी जाऊ नये.
* शाळेचं आवार, बसस्थानक, रेल्वे रूळ, पूल, धरण, विजेचा खांब, रोहित्र.
* देवस्थान, मशीद, दर्गा, बुद्ध विहार, स्मशानभूमी.
* बिनकठड्याची विहीर आणि रानडुकरांसाठी तार लावलेला धुरा.
* दगडांची कपार, वारूळ, झाडाची ढोली. घोणस, नाग, विंचू तिथेच असतात. शोधतानाही आधी काठी घालावी, मग हात.

दुसऱ्याच्या वावरात डबा ठेवायचा तर मालकाला विचारणं बंधनकारक आहे. पऱ्हाटी, तूर उभी असताना शोधणारे चारजण जरी आत शिरले तरी नुकसान शेतकऱ्याचं होतं.

गावात सुरुवात करायची तर

आधी ॲप उघडून आपल्या तालुक्याचा मॅप पाहावा. महाराष्ट्रात मुंबई-पुण्याकडे असे डबे आहेत. जवळपास एकही दिसला नाही तर गावातल्या गावात हा खेळ मांडता येतो, त्याला ॲपही लागत नाही.

झाकण घट्ट बसणारे पाच पारदर्शक डबे घ्यावेत. प्रत्येकात वही, पेन आणि चार छोट्या वस्तू ठेवाव्यात. ग्रामपंचायत आणि पोलीस पाटलाला सांगून, जागामालकाला विचारून ते ठेवावेत. दोन डब्यांत किमान 161 मीटर अंतर असावं, हा मूळ खेळातला नियम आहे. डबा ठेवला तिथे मोबाईल पाच मिनिटं स्थिर धरून आकडे घ्यावेत आणि ते पोरांच्या गटांना द्यावेत. सोबत एक मोठा माणूस हवाच. भूगोलाच्या पुस्तकातले अक्षांश-रेखांश पोरांना पायांनी कळतील.

पावसाळ्यात काळ्या मातीत पाय रुततात आणि डब्यातली वही भिजते. दिवाळीनंतरचे महिने बरे. ज्यानं डबा ठेवला त्यानं अधूनमधून जाऊन पाहावं. खेळ बंद केला तर डबा उचलून आणावा, नाही तर तो कचराच होतो.

असा डबा तुम्हाला सापडला तर?

डब्यावर खेळाचं नाव नसेल, वायर किंवा बॅटरी दिसत असेल तर हात लावू नये, 112 ला कळवावं. डब्यावर नाव स्पष्ट असेल आणि आत वही दिसत असेल तर नाव लिहावं, तारीख टाकावी, झाकण घट्ट लावून डबा होता तिथेच ठेवावा. तुमच्या वावरात विचारल्याविना ठेवलेला असेल तर वहीत तसं लिहा किंवा डबा काढून पोलीस पाटलाकडे द्या. वावर तुमचं आहे, तेव्हा शेवटचा शब्दही तुमचाच.