जवस, करडई आणि सांधे

नारायण पेठेत, पत्र्या मारुतीजवळच्या एका बोळात, माझ्या वडिलांचं पुस्तकबांधणीचं लहानसं दुकान होतं. छापखान्यातून आलेल्या फर्म्यांना घड्या घालायचं काम अम्मीकडे असे. १९८० च्या सुमाराला सकाळी तिची बोटं वळेनाशी झाली. हात गरम पाण्यात धरून ती बसून राही, दहा-अकराला कुठे घडी जमायची. शेजारच्या काकूंनी डबाभर जवसाची चटणी आणून दिली. म्हणाल्या, "भाभी, रोज जेवताना दोन चमचे घेत जा. सांधे मोकळे होतील."

काकूंचं म्हणणं कितपत खरं होतं, याच्या मागे मी पुढे बरीच वर्षं लागलो. मी काही शास्त्राचा माणूस नव्हे. पण शोधताना जो इतिहास हाती लागला, तो सांगण्यासारखा आहे.

सांधे सुजण्याचा आजार आपल्याकडे जुनाच. माधवनिदानात आमवाताचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यावर वैद्यांचा मोठा भरवसा एरंडेलावर. युरोपातही लोक तेलाकडेच वळले, फक्त ते माशाचं होतं. अठराव्या शतकात मँचेस्टरच्या इस्पितळात जुनाट संधिवाताला कॉड माशाच्या यकृताचं तेल पाजत असत. डॉ. थॉमस पर्सिव्हल यांनी १७८३ मध्ये त्यावर लिहून ठेवलं आहे. त्या तेलाला वास असा की कित्येक रोगी दुखणं परवडलं म्हणत असतील! विसाव्या शतकात त्याच तेलात 'अ' आणि 'ड' जीवनसत्त्वं सापडली आणि ते मुलांचं टॉनिक झालं. संधिवाताची गोष्ट मागे पडली. दुसऱ्या महायुद्धात हे तेल परदेशातून येईना, तेव्हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर शार्क माशांच्या यकृतापासून तेल काढू लागले. तेही जीवनसत्त्वासाठीच.

दरम्यान १९२९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्धांश काढून टाकलेलं अन्न दिलं. उंदरांची कातडी खवल्यांसारखी झाली, वाढ खुंटली. काही स्निग्धाम्लं शरीराला बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात, हे त्यातून कळलं. त्यांची दोन घराणी आहेत. एक ओमेगा-६, ते करडई-सूर्यफुलाच्या तेलात भरपूर. दुसरं ओमेगा-३, ते जवसात आणि माशांत.

सूज वाढवणारी काही द्रव्यं, म्हणजे प्रोस्टाग्लँडिन्स, शरीर ओमेगा-६ घराण्यातल्या एका आम्लापासून बनवतं. अ‍ॅस्पिरिन ही घडणच अडवतं, असं जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ चं नोबेल त्यांना, बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांच्याबरोबर मिळालं. माशातलं ओमेगा-३ त्या आम्लाची जागा अडवून बसतं. मग जी द्रव्यं तयार होतात, ती सुजेच्या बाबतीत बरीच सौम्य असतात. मँचेस्टरच्या वैद्यांना जे दिसलं होतं, त्याचं कारण असं दोनशे वर्षांनी सापडलं.

१९८५ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी आमवाताच्या रोग्यांवर माशाच्या तेलाची चाचणी 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. पुढे अशा बऱ्याच चाचण्या झाल्या. २००७ मध्ये त्यांतल्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा तीन-चार महिन्यांत दुखणं आणि सकाळचा ताठरपणा कमी होतो, वेदनाशामक गोळ्या कमी लागतात, असं दिसलं. पण मात्रा पाहा. त्यातलं ओमेगा-३ दिवसाला तीनेक ग्रॅम लागतं. बाजारातल्या साध्या कॅप्सूलमध्ये ते ३०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे रोज दहा कॅप्सूल. एक घेऊन सांध्यांना फारसं काही कळत नाही.

आणि जवस? इथे काकूंची बाजू लंगडी पडते. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-३ असतं खरं, पण ते माशातलं नव्हे. शरीराला ते बदलून घ्यावं लागतं आणि त्यातलं फार थोडं बदलतं. १९९५ मध्ये फिनलंडच्या डॉक्टरांनी आमवाताच्या २२ रोग्यांवर चाचणी केली. काहींना जवस, काहींना करडई. (आपल्या शेतातलीच ही जोडी तिकडे भेटली, याचं मला फार नवल वाटलं.) तीन महिन्यांनी दुखण्यात दोन्हींकडे फरक नव्हता. कोकणातला तारली-बांगडा खाणारा माणूस या बाबतीत आमच्या पेठेतल्या माणसापेक्षा सुदैवी म्हणायचा.

चटणीचा दोष नाही, ती पौष्टिकच आहे. चूक आमची. चटणी आणि एरंडेलावर आम्ही दोन वर्षं काढली. डॉक्टरांकडे गेलो तोवर अम्मीची बोटं करंगळीच्या बाजूला कलली होती. हा आजार सांध्याच्या आतलं हाड कुरतडतो, आणि ते थांबवायला औषधच लागतं. ज्या १९८५ साली माशाच्या तेलाचा निबंध आला, त्याच साली मेथोट्रेक्झेटचीही आमवातावरची महत्त्वाची चाचणी प्रसिद्ध झाली. आज उपचाराचा पाया ते औषध आहे, तेल त्याच्या जोडीला. ऑस्ट्रेलियात अलीकडे तशी जोड देऊन पाहिली. तेल जास्त मात्रेत घेणाऱ्यांत मूळ औषधं कमी वेळा अपुरी पडली.

पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांनी १९९६ पासून भिगवणला घरोघर सांधेदुखीची पाहणी केली. आमवात निघाला साधारण अर्धा टक्का लोकांत, म्हणजे दोनशे माणसांमागे एक. एखाद्या मोठ्या वाड्यात एक तरी.

अम्मीने नंतर फर्म्यांना हात लावला नाही. घड्या मी घालू लागलो, आणि घालता घालता छापलेलं वाचू लागलो. काकूंचा डबा मात्र शेवटपर्यंत येत राहिला.