अवज्ञा (सामाजिक मानसशास्त्र)

बहुसंख्याकांचे मत अथवा अधिकाऱ्याचा हुकूम आपल्या प्रत्यक्ष अनुभवाशी किंवा सदसद्विवेकबुद्धीशी विसंगत आहे असे दिसून आल्यावर त्याची तामिली करण्यास नकार देणे, या वर्तनास सामाजिक मानसशास्त्रात अवज्ञा म्हणता येईल. व्यवहारात हा शब्द अनादराच्या अर्थाने रूढ असला, तरी नकार देणारा मनुष्य बहुधा अदबीनेच, किंबहुना ओशाळून, नकार देतो. हेकटपणाहूनही ती भिन्न होय. कारण हेकट मनुष्य लोक पूर्वेस चालले म्हणून पश्चिमेस वळतो, म्हणजे दिशा लोकांनाच विचारतो.

या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया वॉर्सा येथे जन्मलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश (१९०७–९६) यांच्या प्रयोगांनी घातला. एका पुठ्ठ्यावर एक उभी रेघ, दुसऱ्यावर लहानमोठ्या तीन, आणि त्यांपैकी पहिलीइतकी कोणती एवढेच सांगावयाचे. परंतु खोलीतील एका विद्यार्थ्याखेरीज बाकी सर्व आधीच पढवून बसविलेले असून, ठरलेल्या १२ फेऱ्यांत ते एकमुखाने भलतीच रेघ सांगत. अशा फेऱ्यांत त्या एकट्याची सुमारे ३७ टक्के उत्तरे बहुमताप्रमाणे चुकली, हा आकडा पाठ्यपुस्तकांतून सर्वत्र आढळतो. सुमारे चतुर्थांश विद्यार्थी एकदाही ढळले नाहीत, ही गोष्ट मात्र त्याच पुस्तकांत एखाद्या ओळीत उरकली जाते. न ढळणारे हे तरुण संशयमुक्त होते असे नव्हे. कित्येकांना आपलेच डोळे फसवीत असावेत असे वाटे. त्यांतील काहींनी तर बहुमत बहुधा बरोबर असेल असे मानूनही, जे दिसते ते सांगणे हेच आपले काम, एवढ्या आधारावर उत्तर बदलले नाही. संशय न येणे नव्हे, तर आलेल्या संशयातून पुन्हा सावरता येणे, हे ॲश यांना त्यांचे लक्षण वाटले.

खरे उत्तर देणारा एक जरी जोडीदार दिला, तरी बहुमतापुढे नमण्याचे प्रमाण सुमारे चौथ्या हिश्शावर येई. तो काही निमित्ताने मध्येच उठून गेला, तरी त्याचा आधार बराचसा टिके. परंतु तो उलटून बहुमतास मिळाला, की चुका एकदम वाढत.

मताच्या दबावाकडून हुकमाच्या दबावाकडे वळल्यास स्टॅन्ली मिलग्रॅम यांचे येल विद्यापीठातील (१९६१–६२) प्रयोग विचारात घ्यावे लागतात. वृत्तपत्रातील जाहिरात वाचून, साडेचार डॉलरांच्या मोबदल्यावर आलेल्या माणसाने, भिंतीपलीकडील ‘विद्यार्थी’ चुकला की दर वेळी १५ व्होल्टने वाढता विजेचा धक्का द्यावयाचा असे. धक्के अर्थातच खोटे होते. प्रथम प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या खटक्यापर्यंत गेले, १४ जण थांबले. थबकणाऱ्यास करड्या डगल्यातील प्रयोगचालक चार ठरीव वाक्ये चढत्या क्रमाने ऐकवी, आणि चौथे वाक्य तुम्हास दुसरा मार्गच नाही अशा आशयाचे असे. महायुद्धकाळ हॉलंडमध्ये काढलेल्या एका अभियंत्याने, २५० व्होल्टच्या सुमारास खुर्ची मागे सारून, आपण येथे आपखुशीने आलो असता मार्ग नाही कसा, अशी त्यावर उलट पृच्छा केली. जेरी बर्गर यांनी सौम्य स्वरूपात केलेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनःप्रयोगात तर हे चौथे वाक्य ज्यांस ऐकवावे लागले, त्यांपैकी एकही पुढे गेला नाही. हुकूम केवळ हुकूम म्हणून उघडा पडला की दुबळा होतो, हे सरकारी दप्तरातील जुन्या कारकुनासही ठाऊक असते.

नकाराचे प्रमाण परिस्थितीनुसार फार बदले. विद्यार्थी त्याच खोलीत बसविला असता शेवटपर्यंत जाणारे ४० टक्क्यांवर आले. हुकूम दूरध्वनीवरून सुटू लागले तेव्हा सुमारे २० टक्क्यांवर. नकार केव्हा सुरू होतो यालाही महत्त्व आहे: मिलग्रॅम यांच्या ध्वनिमुद्रितांपैकी काहींची छाननी करून मॉडिग्लियानी व रोशा यांनी १९९५ मध्ये दाखविले, की जो लवकर कुरकुरू लागतो तोच बहुधा थांबतो, उशिरा कुरकुरणारा कुरकुरतच खटके दाबीत राहतो. शिक्षण, धर्म, व्यक्तिमत्त्व यांशी नकाराचा संबंध जोडण्याचे यत्न झाले. त्यांतून हाती आले ते अल्पच. धक्के खोटे असल्याचा संशय कित्येकांना आला असावा, हा आक्षेपही दुर्लक्षणीय नाही.

फार मोठा फरक सोबतीने पडला. दोन सहकारी (हेही पढविलेले) एकामागून एक उठून गेले, तेव्हा ४० पैकी ३६ जणांनी हुकूम झुगारला. मात्र मागाहून विचारता त्यांतील बहुतेकांनी, ते दोघे नसते तरी आपण थांबलोच असतो, असे सांगितले. ॲश यांच्या विद्यार्थ्यांनीही जोडीदाराविषयी जिव्हाळा व्यक्त केला, पण आपल्या ठामपणाचे श्रेय त्यास देण्यास ते राजी झाले नाहीत.